वकीलताईंना विचारा: सही करायच्या आधी या

या महिन्याची सगळी पत्रं रविवारी दुपारी एकदम घेऊन बसले आणि चहा गार होईपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. प्रश्न जमिनीचा असो, चेकचा असो, फ्लॅटचा नाहीतर शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाचा, शेवटचं वाक्य तेच, "एवढ्यासाठी वकील गाठायला पाहिजे काय, का आपलं आपण बघून घ्यावं?" आपल्याकडं वकील म्हटलं की डोळ्यापुढं एकतर भांडण येतं नाहीतर खर्च, त्यामुळं माणूस आमच्याकडं येतो तो अंगठा उठवून झाल्यावर, पैसे मोजून झाल्यावर, तारीख उलटून गेल्यावर, आणि मग म्हणतो ताई कायतरी करा. आता काय करू? म्हणून यावेळी हाच धागा धरून पत्रं निवडलीत. नावं कुणाचीच छापत नाही, गावंही मोघमच ठेवलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. माझं माहेर कागल तालुक्यात, सासर इचलकरंजी. वडील दोन महिन्यांमागं वारले. आई आहे, दोघं भाऊ, आम्ही दोघी बहिणी. साडेतीन एकर ऊस आहे, आजोबांपासनंची जमीन. परवा थोरल्या भावाचा फोन आला की बुधवारी कागलला ये, वारस नोंदीला सही पाहिजे, आधार कार्ड आणि दोन फोटो आण. मी येते म्हटलं. पण आमच्या जाऊबाई म्हणाल्या वारस नोंदीला फोटो कशाला लागतोय, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. धाकटा भाऊ म्हणतो तुझं लग्न १९९१ ला झालंय, १९९४ च्या आधी लग्न झालेल्या पोरींना हक्कच नसतो. मला जमीन पाहिजेच असं नाही, पण माहेर तुटायला नको. वकिलाकडं गेले तर भावांना वाटेल ही कोर्टात निघाली. काय करू?

उत्तर: आधी जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. फोटोवरनं लगेच भावाला चोर ठरवू नका, प्रतिज्ञापत्रालाही कधीकधी फोटो चिकटवतात. खरी खूण आहे बोलावलंय कुठं ही. वारस नोंदीचं काम तलाठ्याकडं असतं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठी तो तलाठीच). एका वारसानं मृत्यूचा दाखला जोडून अर्ज दिला तरी काम सुरू होतं, सगळ्या बहिणींना गाडीत घालून न्यावं लागत नाही. पण बोलावणं जर दुय्यम निबंधकांकडं, म्हणजे आपल्या भाषेत रजिस्टर ऑफिसला असेल, जिथं कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढतात आणि अंगठा घेतात, तर ती वारस नोंद नव्हे. तिथं बहुतेक हक्कसोडपत्र होतंय. त्यावर सही झाली की तुमचा हिस्सा संपला.

म्हणून आज संध्याकाळीच भावाला एवढंच म्हणा, "दादा, कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाक, वाचून ठेवते आणि येते." भांडणाचा सूर नको, चेष्टामस्करीत म्हटलं तरी चालेल. फोटो आला तर कागदाच्या डोक्यावर काय छापलंय ते बघा. नाही आला तर बुधवारी तुम्हाला ताप आला असं समजा.

आता कायदा. धाकट्या भावाचं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धवट माहितीच जास्त घात करते बघा. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मानं वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, आणि त्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं, हे खरंय. पण त्यानंतर केंद्राचा कायदा आला, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला, त्यात लग्नाची अट नाही. पुढं बरीच वर्षं वाद चालला की त्या तारखेला वडील जिवंत पाहिजेत की नकोत, तो वाद सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला, मुलीचा हक्क जन्मानंच, वडील त्या दिवशी हयात असोत नसोत. तुमचे वडील तर आत्ता गेले. तेव्हा त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि डिसेंबर २००४ च्या आधीची रजिस्टर वाटणी नाहीतर कोर्टाचा हुकूमनामा नसेल, तर आई आणि तुम्ही चार भावंडं असे पाच सारखे वाटे. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. तुमचे अठ्ठावीस गुंठे झाले. हे सोडायचे तर सोडा, तो तुमचा अधिकार, पण अठ्ठावीस गुंठे सोडतेय हे ठाऊक असताना सोडा.

आणखी एक खोडी सांगते, आपल्या भागात सर्रास चालते. वारस नोंद होते, पण भावांची नावं सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून, म्हणजे मालकाच्या रकान्यात, वर लागतात आणि बहिणींची खाली "इतर हक्क" मध्ये ढकलतात. बहीण सातबारा बघते, नाव दिसतं, खूश होते. नोंदीची नोटीस निघाल्यापासून हरकत घ्यायला १५ दिवस असतात, त्या १५ दिवसांत नाव कुठल्या रकान्यात चाललंय ते बघायचं. नोंद मंजूर झालीच तर प्रांताकडं अपिलाला ६० दिवस. आणि तेही हुकलं तरी लगेच कपाळाला हात लावू नका, सातबारा हा महसुलाचा कागद आहे, त्यावरच्या नोंदीनं मालकी येत नाही आणि जातही नाही, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. मात्र रजिस्टर हक्कसोडपत्राचं तसं नाही. ते मोडायला दिवाणी दावा, फसवून सही घेतली हे शाबीत करायचं, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

एक मावशी आलेल्या माझ्याकडं, सहीला अकरा वर्षं झाल्यावर. सहीच्या दिवशी भावांनी ओटी भरली, मटणाचं जेवण घातलं, साडी दिली, आणि ती मोरपंखी साडी नेसूनच त्या माझ्या ऑफिसला आल्या होत्या. म्हणाल्या, "वाचायला कुणी दिलंच न्हाई वो." भावांनी फसवलं हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं, फक्त माहेर तुटंल म्हणून गप्प बसल्या. माहेर तर तुटलंच. पण तुमचं अजून बुधवारपर्यंत हातात आहे.

आणि वकिलाकडं जाणं म्हणजे कोर्टात जाणं नव्हे हो. अर्धा तास बसायचं, कागद दाखवायचा, विचारायचं, फी द्यायची, घरी यायचं. वकीलपत्रावर सही करायची नाही, केस नाही, नोटीस नाही, भावांना कळतसुद्धा नाही. तुम्ही मला सांगितलेलं मी तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगू शकत नाही, ती कायद्यानंच आमच्यावर घातलेली बंदी आहे.

प्रश्न: मॅडम, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. एका पार्टीला जॉबवर्क करून दिलं, १ लाख ८० हजाराचा चेक दिला, तो फंड नाही म्हणून परत आला. बँकेचा मेमो मिळून २१ दिवस झाले. पार्टी ओळखीची आहे, रोज फोनवर म्हणते भावा पुढच्या आठवड्यात देतो. वकिलाची नोटीस पाठवली तर संबंध बिघडतील. थांबू का?

उत्तर: हे पत्र छापून येईपर्यंत यांची मुदतच संपली असती म्हणून यांना आधीच फोन केला, तरी बाकीच्यांसाठी लिहिते.

चेकच्या कायद्यात गोडबोल्या माणसाला काही किंमत नाही, किंमत आहे तारखांना. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस पैसे द्यायला. नाही दिले तर तिथनं पुढं एक महिन्यात कोर्टात तक्रार. कलम १३८, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो "पुढच्या आठवड्यात" म्हणणारा गडी हे तीस दिवस बरोबर मोजत बसलेला असतो, तुम्ही मोजत नाही. तीस दिवस हुकलेच तर एक वाट राहते, चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील तर चेक परत बँकेत टाकायचा, पुन्हा न वटता आला की नवा मेमो, नवे तीस दिवस. पण याच्या भरवशावर बसू नका.

नोटीस स्वतः पाठवली तर चालते का असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. चालते. कायदा वकिलाचीच पाहिजे म्हणत नाही. पण घरी लिहिलेल्या नोटिसांत लोक व्याज, मनस्ताप, वाहतूक असं सगळं एकात कालवतात आणि चेकची रक्कम किती मागितली तेच कळत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये तर सरळ सांगितलं की नोटिशीत मागितलेली रक्कम चेकच्या रकमेशी जुळली पाहिजे, टायपिंगची चूक झाली म्हणूनसुद्धा ऐकून घेणार नाही. एका शून्यासाठी १ लाख ८० हजार घालवायचे का, तुम्हीच ठरवा.

संबंधाचं म्हणाल तर ते चेक परत आला त्याच दिवशी बिघडलेत.

प्रश्न: कळंब्याला टू बीएचके बघितलाय, बांधकाम चालू आहे. बिल्डर म्हणतोय आत्ता वीस टक्के भरा, नोटरी करून साठेखत देतो, रजिस्टर नंतर करू, स्टँप ड्युटी वाचेल. बँकेचं लोन होणारच आहे, बँकेचा वकील कागद बघणारच, मग आपला वेगळा वकील कशाला?

उत्तर: बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. उद्या हप्ते थकले तर फ्लॅट विकून बँकेचे पैसे निघतील का, एवढी त्याची काळजी. पार्किंग तुमच्या करारात लिहिलंय का, ताबा कुठल्या तारखेला, उशीर झाला तर काय, टेरेस कुणाची, हे तुमचं दुखणं, ते बघायचे पैसे त्याला कुणी दिलेलेच नाहीत.

वीस टक्क्यांचं तर सरळ सांगते, रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवर लगाम घालणाऱ्या कायद्यात, किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम रजिस्टर करार केल्याशिवाय घेता येत नाही. नोटरी म्हणजे रजिस्टर नव्हे. नोटरीचा लाल शिक्का आणि चिकटवलेलं तिकीट बघून आपल्या लोकांना फार भारी वाटतं, पण नोटरी एवढंच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सही केली. स्टँप ड्युटी वाचते म्हणणाऱ्याला विचारा, वाचते का पुढं ढकलली जाते? आणि मधल्या काळात त्यानं तोच फ्लॅट दुसऱ्याला रजिस्टर करून दिला तर तुम्ही ती नोटरी फ्रेम करून भिंतीला लावायची.

महारेराच्या साईटवर प्रोजेक्टचा पी अक्षरानं सुरू होणारा नंबर टाकून बघणं हे तुमचं तुम्ही करू शकता, त्याला वकील नको. मंजूर नकाशा, किती फ्लॅट बुक झाले, पूर्ण करायची तारीख, सगळं दिसतं. वकील पाहिजे तो जमिनीच्या सर्चला. माझ्याकडं सर्च आला की मी आधी जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं कशी बदलत गेली त्या नोंदी, मागवते, आजचा सातबारा नंतर. आजच्या सातबाऱ्यावर चेहरा धुवून पुसून ठेवलेला असतो, खरी गोष्ट जुन्या फेरफारात. एकदा असंच तीस वर्षं मागं जाता जाता एक बहीण सापडली, वारस म्हणून नोंद झालेली, आणि पुढच्या फेरफारात नाव गायब, मध्ये हक्कसोड नाही, खरेदीपत्र नाही, काही नाही. वरचं पहिलं पत्र परत वाचा म्हणजे ही बहीण कुठनं आली ते कळेल. त्या जागेवर बिल्डिंगचा दुसरा स्लॅब पडला होता.

प्रश्न: माझी आई ६३ वर्षांची. बोअरच्या पाइपवरनं शेजाऱ्यांशी वाद झाला, त्यांनी तक्रार दिली. आता पोलिस चौकीतनं फोन येतोय की आईला घेऊन या, जबाब घ्यायचाय. आई रडून रडून बेजार. गेलं नाही तर उचलतील का? आम्ही साधी माणसं, वकील घेऊन गेलं तर पोलिस चिडतील असं मामा म्हणतात.

उत्तर: मामांना सांगा पोलिस वकिलावर चिडत नाहीत, त्यांचा रोजचाच आहे तो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, त्यात कलम १७९ आहे. तपासात माहिती विचारायला बाईमाणसाला, साठीच्या पुढच्या पुरुषाला, पंधराच्या आतल्या मुलाला राहत्या घराशिवाय दुसरीकडं या असं सांगता येत नाही. तुमची आई बाईमाणूस म्हणूनच त्यात बसते. नम्रपणे सांगा की साहेब वय झालंय, घरी येऊन विचारा, आम्ही थांबतो. तोंडी नको, साध्या कागदावर लिहून चौकीत द्या आणि झेरॉक्सवर पोच घ्या.

आधी हेही बघा की तक्रार एनसी आहे की एफआयआर. एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. पाइपवरनं झालेली शिवीगाळ बहुतेक तिथंच थांबते. मात्र एफआयआर झाला असेल आणि नावावर कलमं लागली असतील, तर तो तास वकिलाला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षेचे जे गुन्हे आहेत त्यात सहसा अटकेऐवजी हजर राहायची नोटीस येते, कलम ३५ ची. ती पाळली तर कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. ती नोटीस व्हॉट्सअॅपवर धाडून चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय, तरी आली तर वकिलाला दाखवा, उडवून लावू नका. आणि अटक झालीच तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं नेलंच पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलायचा हक्क तर घटनेच्या २२ व्या कलमातच आहे.

जाता जाता, व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेरा बंद करू नका, कुणाला सांगू नका" म्हणाला तर फोन कट करा. असली अटक कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर वकील शोधत बसू नका, तिथल्या तिथं सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावा. तिथं मिनिटं मोलाची, आमचं काम नंतर.

प्रश्न: बेलीफ समन्स घेऊन आला होता. वडिलांनी घेतलंच नाही, म्हणाले घेतलं नाही म्हणजे लागू नाही. आता दाराला चिकटवून गेलाय.

उत्तर: लागू झालं. दारावरनं जपून काढा, फोटो काढून ठेवा, आणि तारीख बघा. दिवाणी दाव्यात समन्स लागल्यापासून ३० दिवसांत म्हणणं द्यायचं असतं, फार तर कोर्ट ९० पर्यंत वाढवतं. त्यानंतर तुमच्याशिवाय दावा पुढं. समन्स देवाच्या फोटोमागं ठेवणारी माणसं बघितलीत मी, देव काही लेखी म्हणणं देत नाही. या आठवड्यात वकील गाठा.

प्रश्न: वकिलाची फी परवडत नाही. धुणीभांडी करते. नवरा पोटगी देत नाही. माझ्यासारखीनं काय करायचं?

उत्तर: ताई, तुम्हाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, आणि ते उपकार नव्हेत, १९८७ चा विधी सेवा कायदा आहे. बाईला उत्पन्नाची अट नाही. लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कामगार, कैदेतला माणूस, यांनाही नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखाच्या आत उत्पन्न पाहिजे. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा, तालुक्याच्या असाल तर तालुक्याच्या कोर्टात समिती असते. नुसता फोन करायचा तर १५१००. आधार कार्ड, लग्नाचा एखादा पुरावा, मुलांचे जन्मदाखले असतील तर न्या, नसतील तरी जा. फुकटचा वकील म्हणजे नवखा नाहीतर आळशी असं लोक म्हणतात. त्यात चांगले वाईट दोन्ही असतात, पैसे घेणाऱ्यांतही असतात. नाहीच जमलं तर वकील बदलून मागायचा अर्ज तिथंच देता येतो.

प्रश्न: फी कशी ठरवायची? एक वकील म्हणतात जमीन मिळाली की त्यातले दहा गुंठे द्या, आत्ता काही नको. फायद्याचं वाटतंय.

उत्तर: त्यांना तिथंच रामराम करा. निकालात वाटा मागायला बार कौन्सिलच्या नियमानं आम्हाला बंदी आहे. जो माणूस स्वतःचा नियम मोडून सुरुवात करतो तो तुमचा काय पाळणार. फी आधी विचारायची, लाजायचं नाही. नुसत्या सल्ल्याची किती, नोटिशीची किती, केस चालवायची किती, तारखेमागं आहे की एकरकमी, कोर्ट फी-टायपिंग-झेरॉक्स त्यात धरलंय का. मिरचीचा भाव करताना जेवढं विचारता तेवढं तरी विचारा. कोऱ्या वकीलपत्रावर आणि कोऱ्या स्टँपवर सही नाही. आणि कोर्टाच्या गेटवर "वकील पाहिजे काय" म्हणत मागं लागणारा असेल तर चालत राहा, आम्हाला जाहिरातसुद्धा करता येत नाही, एजंट तर लांबच.

याच विषयावर आणखी एकांचं पत्र आहे की जुने वकील फी राहिली म्हणून फाईल देत नाहीत. फीसाठी पक्षकाराची कागदपत्रं अडवून धरता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय. फी राहिली असेल तर ती द्यायचीच, पण ती वेगळी वसूल करायची गोष्ट, कागद तुमचे. केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मोबाईलमध्ये ठेवा, ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढची तारीख तुमची तुम्हाला दिसते, वकिलाला "तारीख काय पडली" विचारत बसायला नको.

प्रश्न: आता हायकोर्ट कोल्हापुरातच आलंय तर बांधाच्या केससाठी खालच्या कोर्टात न जाता डायरेक्ट तिथंच गेलो तर?

उत्तर: हौस समजू शकते. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं त्या दिवशी सीपीआर दवाखान्यासमोर मीही होते, आणि कितीतरी वर्षं रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून सकाळी मुंबईत उतरणारे आमचे ज्येष्ठ वकील डोळे पुसत होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची सोय झाली. पण दारात आलं म्हणून पायऱ्या कमी झालेल्या नाहीत. बांधाचं काम आधी मोजणी, मग तहसीलदार नाहीतर दिवाणी कोर्ट. मोजणीच झाली नसेल तर वकिलाकडंही येऊ नका अजून, आधी भूमी अभिलेखला अर्ज करून मोजणी करून घ्या. बरेच वाद मोजणीच्या खुणा रोवल्या की तिथंच मिटतात, अर्थात काही तिथंच पेटतातसुद्धा.

प्रश्न: नवीन फ्रीज वॉरंटीत बिघडला, कंपनी दाद देत नाही. वकील करू?

उत्तर: नको. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा, ऑनलाइनही होते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, स्वतःच बोलायचं. बिल, वॉरंटी कार्ड, कस्टमर केअरच्या तक्रारींचे नंबर जपून ठेवा.

प्रश्न: वकिलाकडं जायचं ठरवलंय पण मला नीट बोलता येत नाही, घाबरायला होतं. सोबत काय न्यावं?

उत्तर: भाषण कुणाला पाहिजे. एका कागदावर तारखा लिहा, काय कधी झालं, एवढंच, कोण कसा वाईट ते नको. आणि कागद सगळे आणा, आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा. ते आधी आणा.

पन्हाळ्याकडचे एक आजोबा आले होते काही वर्षांमागं. पत्र्याच्या गुळाच्या डब्यात सगळी कागदं, शेतसाऱ्याच्या पावत्यांपासून लग्नपत्रिकेपर्यंत, डबा उघडला की अजून गुळाचा वास यायचा. त्यांच्यावर २०१९ ला दावा लागला होता, समोरच्याचं म्हणणं असं की आजोबांनी जमीन द्यायचं तोंडी कबूल केलं होतं, पैसे घेतले होते, खरेदीची तारीख अशी काही ठरली नव्हती, आणि आता नोटीस दिली तर नाही म्हणतात. मी तासभर विचारत होते, पैसे घेतले होते का, कागद काही केला होता का. आजोबा नुसते पंच्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, एक इसार पावती हाय, घरात ठिवलीया. का ठेवलीत? "तेच्यावर माझा अंगठा हाय न्हवं, पंचवीस हजार घेतल्याला. कोरटाला दिसलं तर जमीन जाईल."

मी म्हटलं आत्ता जा आणि घेऊन या. दुपारच्या एसटीनं गेले, दुसऱ्या दिवशी दहाच्या आत दारात. पावती चारपदरी घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर. उघडून वाचली. सन २०११, इसार पंचवीस हजार, बाकी रक्कम देऊन सहा महिन्यांत खरेदीपत्र करून घ्यायचं. सहा महिने लिहिलेले होते! एकदा तारीख ठरलेली असली की तिथनं तीन वर्षांत दावा लावायचा असतो, म्हणजे २०१५ उजाडतानाच मुदत संपली होती, आणि समोरच्यानं "तारीख ठरली नव्हती" म्हणून दावा लावला तो याचसाठी, कारण कागद आजोबा बाहेर काढणार नाहीत हे त्याला पक्कं माहीत होतं.

आजोबांना हे समजावून सांगितलं तर त्यांनी पावती परत हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "मग ह्यो अंगठा माझ्याकडनंच हाय म्हणायचा?"